गिरिजासाठी केलेली यादी

भाचीच्या लग्नाची यादी मी केली. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या याद्या मीच करते. दोनशे पानी वही, उजव्या पानावर खरेदी, डाव्या पानावर निरोप, आणि काम झालं की पुढे बारीक बरोबरची खूण. तेविसावी नोंद पैंजणांची होती. तिच्यापुढे मी 'गुजरी' लिहिलं होतं, म्हणजे कोल्हापुरातली आमची सराफ गल्ली. वहिनीने माझ्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं आणि चांदीकामाच्या गावाचं नाव लिहिलं, 'हुपरी'.

"गुजरीत तरी कुठनं येतंय? हुपरीतनंच की," ती म्हणाली. "पायाचं माप देऊन करून घेऊ या. पोरीच्या पायातनं निसटाय नको."

त्या दिवशी तिला पत्रिका द्यायला पन्हाळ्याला जायचं होतं. त्यामुळे हुपरी माझ्याकडे आली.

जवळजवळ तीस वर्षं मी हुपरीला गेले नव्हते. एसटीने जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. कुणी विचारलं असतं तर, तिकडे काही काम पडलं नाही, असं मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

स्टँडवर गाडी लागलेली होती. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट, खिडकी. "पावणं, पाय आत घ्या की, का गाडी तुमच्यासाठनं रुंद करू?" म्हणत कंडक्टर पुढे सरकला. उचगाव गेलं. पूर्वी उचगाव संपलं की ऊस सुरू व्हायचा, आता उचगावच संपत नाही. मग एका वळणावर वास आला. गुऱ्हाळाचा. काहिलीत रस चढलेला, खाली चिपाडं जळतायत, आणि वर गोड, करपट, जड हवा. एवढी वर्षं मी हा वास चुकवला होता, आता तो आला की काहीतरी होईल असं मला वाटत होतं. काही झालं नाही. पिशवीत भाचीच्या घोट्याचं माप घेतलेला दोरा होता, तो आहे ना हे मी उघडून बघितलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा बघितलं.

हाच रस्ता उलट बाजूने गिरिजा रोज यायची.

ती बारावीला माझ्याशेजारी बसायची. आमचं ज्युनिअर कॉलेज शाळेलाच जोडलेलं होतं, म्हणजे तेच पटांगण, तीच घंटा, तोच शिपाई. अकरावी-बारावीच्या मुलींना फक्त ओढणी जास्त. मी मंगळवार पेठेतून चालत यायचे. ती सकाळच्या एसटीने, केसांत उसाची धूळ घेऊन. खिडकीकडचा दुसरा बाक. तिच्या बोटांना एक वास असायचा, टाकणखाराचा आणि रिठ्याचा मिळून. तिच्या घरी पैंजण करायचे. वडील आणि दोन चुलते डाग द्यायचे, म्हणजे ज्योतीवर सांधे पक्के करायचे, बायका कड्या जोडायच्या, आणि गिरिजा शाळेत यायच्या आधी आणि गेल्यावर बायकांच्या ओळीत बसायची. त्या बोटांचा वास मला खोडरबरालासुद्धा यायचा, कारण खोडरबर आमच्यात एकच होता.

इंग्रजीचं पुस्तक नवं घेतलं तेव्हा त्याला शाईचा ओला वास होता. आम्ही दोघींनी एकाच जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातली, उलट बाजूने, पांढरी बाजू वर. उजेडात धरलं की माझ्या पुस्तकावर मार्चचे आकडे दिसायचे, तिच्यावर एप्रिलचे. धडे बारा, कविता आठ. मी पहिल्याच दिवशी अनुक्रमणिकेपुढे रकाने आखले होते. वाचलं, समजलं, पाठ झालं. वर्गात मला 'यादीबाई' म्हणायचे, आणि ते नाव गिरिजाने ठेवलं होतं.

माने सर शिकवायचे. सर कविता आधी एकदा इंग्रजीतून म्हणायचे, डोळे मिटून, मान डोलवत, भजनाला बसल्यासारखे. त्यातलं आम्हाला काही कळायचं नाही आणि त्यांना ते माहीत असायचं. मग पुस्तक टेबलावर उपडं ठेवायचे, खडूचे हात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "आता ऐका आपल्या भाषेत." मग ती कविता कोल्हापुरात यायची. परदेशातली नदी पंचगंगेसारखी वळायची. लढाईवरून पत्र लिहिणारा सैनिक आईला "मी बरा हाय" म्हणायचा. वर्ग हसायचा, आणि हसता हसता कुठेतरी गप्प व्हायचा. मागच्या बाकावरची एक मुलगी नेहमी म्हणायची, "सर, असंच लिहिलं तर मार्क द्यात्यात काय?" सर म्हणायचे, "मी दिलं असतं गं. मला पेपर तपासाय बोलवंनात."

सातवी कविता त्यांनी दिवाळीच्या आधी घेतली. एका घड्याळजीवरची होती ती, गावच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला रोज किल्ली देणाऱ्या म्हाताऱ्यावरची. सर त्या दिवशी बाकांच्या मधून खरंच पायऱ्या चढल्यासारखे चालले होते, गुडघ्यावर हात ठेवत. माझ्याशेजारची जागा रिकामी होती. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, गिरिजा आठवडाभर आली नव्हती.

तिची पाठ करायची एक पद्धत होती. कडी उचलायची, चिमट्याने उघडायची, पुढच्या कडीत अडकवायची, मिटवायची. एका कडीला कवितेची एक ओळ. कडी चुकली की ओळ पहिल्यापासून. ती म्हणायची, "साखळी झाली की कविता झाली." बाकावर बसूनही ती ओळी म्हणताना बोटं चिमटीत धरायची, हातात काही नसताना.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी तिच्याकडे अभ्यासाला गेले होते. गल्लीत शिरल्या शिरल्या आवाज. प्रत्येक घरातून बारीक ठकठक, आणि मध्येच फुंकणीचा फुस्स. उंबऱ्यावर रिठ्याच्या पाण्याची बादली, त्यात फेस, फेसात ब्रश. आत गिरिजाचे वडील, आप्पा, दिव्याच्या ज्योतीसमोर मांडी घालून बसलेले. तोंडात फुंकणी होती, त्यामुळे ते भुवयांनी बोलले. एक भुवई म्हणजे ये, दोन भुवया म्हणजे बस. तिची आई, अव्वा, त्यांच्या कानडीत "ऊट आतेन?" म्हणाली, आणि मी जेवून आले असं सांगायच्या आत भाकरी ताटात पडली.

अव्वाने जेवताना मला विचारलं, "तू हुशार म्हंत्यात. ही व्हईल काय पास? खरं सांग."

"होईल की," मी म्हटलं.

"बाकीचं व्हतंय गं तिचं. त्ये इंग्रजीचंच खरं न्हाय."

तेव्हा आप्पांनी फुंकणी तोंडातून काढली. गिरिजा कड्या जोडत होती, तिचे हात थांबले. "माझा शब्द हाय," आप्पा म्हणाले. "पास झाली तर डी.एड. मास्तरीण होऊ दे. सगळ्या भावकीला सांगितलंय. न्हाय झाली तर चिमटा हाय की हातात. पोरगी काय उपाशी मरत न्हाय." आणि पुन्हा फुंकणी तोंडात घालून ते ज्योतीकडे वळले. बोलणं संपलं होतं.

डी.एड. म्हणजे दोन वर्षं आणि मग प्राथमिक शाळेत नोकरी. गिरिजाला ती हवी होती. तिने जास्त काही कधी सांगितलं नाही. पण एकदा मधल्या सुट्टीत ती रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभी राहून स्वतःचं नाव लिहीत होती, पुढे 'बाई' लावून. मला बघून तिने ते ओढणीनेच पुसलं. दिवसभर ओढणीच्या टोकाला पांढरं होतं.

मला डिसेंबरचा तो रविवार बराचसा आठवतो. ताकातली भाजी, भिंतीवरची काजळी, आणि परत जायला निघाले तेव्हा तिचं, "मी येतो गं स्टँडपतूर." आमच्याकडे बायकाही येतो, जातोच म्हणतात. ती आली. एसटी सुटेपर्यंत खाली उभी राहून खिडकीतून मला चौथी कविता म्हणून दाखवली. हात वर करून, चिमटीत.

फेब्रुवारीत मी यादी केली.

तेव्हा सगळेच करायचे. मागच्या पाच वर्षांचे पेपर गोळा करायचे, कुठल्या वर्षी काय आलं त्याचा तक्ता करायचा, आणि यंदा काय येणार ते ठरवायचं. त्याला 'आयएमपी काढणं' म्हणायचे. त्यातला पहिला नियम सगळ्या कोल्हापूरला पाठ होता, गेल्या वर्षी आलेलं यंदा येत नाही. माने सरही तेच म्हणायचे. कोणी बघितला हा नियम, कुठे लिहिलाय, असं कुणी विचारत नसे. घड्याळजीची कविता गेल्या वर्षी आली होती.

मी दोन याद्या केल्या. एक माझी, मोठी, भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. तिच्यात मी काहीच सोडलं नाही. घड्याळजी शेवटी ठेवला आणि पुढे कंसात लिहिलं, 'तरीपण'. दुसरी गिरिजाची, फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर, समास आखून, चांगल्या अक्षरात. मी तिचा वेळ मोजला होता. एसटीतला जाता-येता दीड तास, आणि कड्या जोडताना होईल तेवढं. त्यात बसेल एवढंच ठेवलं. धडे सहा, कविता पाच, एक पत्र, एक निबंध. कागद स्वच्छ दिसत होता. मला त्याचं समाधान वाटलं होतं, एवढं नक्की आठवतं.

मी तिला बाकावर कागद दिला. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"एवढंच?"

"एवढंच. एवढं केलंस तरी सुटशील."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बास की मग. यादीबाईनं म्हटलंय म्हंजे झालं." आणि कागदाची घडी करून तो ओढणीत बांधला. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, तो तिने बसायच्या जागेसमोर खळीने भिंतीला चिकटवलाय.

मार्चमध्ये परीक्षा झाली. आमचा नंबर दुसऱ्या शाळेत आला होता. फिनेलने पुसलेला वर्ग, दाराशी मडकं, त्याच्यावर साखळीने बांधलेला स्टीलचा पेला, आणि प्रत्येक बाकावर खडूने नंबर. ती माझ्या डावीकडच्या रांगेत, दोन बाक पुढे होती. तिच्या वेणीला नवी रिबीन होती. मला प्रश्नपत्रिकेचा कागद आठवतो, थोडा पिवळट आणि गुळगुळीत. चौथ्या प्रश्नात घड्याळजी होता. एकदा नाही, त्याच कवितेवर दोन प्रश्न.

गिरिजाने मागे वळून बघितलं. एकदाच. मी तोपर्यंत मान खाली घातली होती.

मला सगळं येत होतं. माने सर बाकांमधून चढत गेले होते ते, गुडघ्यावरचा हात, सगळं. मी लिहीत सुटले. वही भरली. मी उभी राहून "सर, पुरवणी" म्हणाले. पर्यवेक्षकाने पुरवणी आणि पांढरा दोरा आणून दिला. मी दोरा ओवला, गाठ मारली. तेव्हा पुढची वेणी स्थिर होती. ती लिहीत नव्हती. डाव्या हाताची बोटं बाकावर चिमटीत होती, आणि थोड्या थोड्या वेळाने हलत होती.

बाहेर आल्यावर ती फाटकाशी थांबली होती. तिने चिंचेच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, एक माझ्यासाठी.

"घड्याळजी आला की गं," ती म्हणाली.

"व्हय."

"तू लिहिलंस?"

"नाही गं," मी म्हटलं. "मीपण सोडलं."

ती म्हणाली, "बरं." आम्ही गोळ्या खाल्ल्या. तिच्या गोळीचा कागद मी तिच्याकडून घेतला आणि माझ्या गोळीच्या कागदात गुंडाळून टाकला. मग तिची एसटी आली.

निकालाच्या दिवशी ती आली नाही. ती इंग्रजीत गेली होती. बाकी सगळ्या विषयांत पास. ग्रेसलाही पुरले नव्हते. माने सर व्हरांड्यात उभे होते, हातात गुणपत्रिकांचा गठ्ठा. "अरारारा," ते म्हणाले. "हिचं कसं गेलं? घड्याळजी तर वर्गात चढून दाखवलाय मी."

"सर, ती त्या दिवशी नव्हती," मी म्हटलं.

"मग तू सांगायचं न्हाय व्हय तिला?"

सरांना कुणीतरी आत बोलावलं. ते गेले. मला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. घरी पेढे आणले होते.

तिने ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, हुपरीतच, दुसऱ्या गल्लीत. पत्रिका पोस्टाने आली, वर तिचंच अक्षर. तिला पत्र लिहायचं, असं मी त्या आठवड्याच्या यादीत घातलं. ते पुढच्या यादीत गेलं. मग त्याच्या पुढच्या. पुढे एका यादीवरून दुसऱ्या यादीवर उतरवताना ते कधीतरी राहून गेलं.

मी इंग्रजीच घेतलं, बी.ए.ला आणि नंतरही. दोन हजारनंतर कधीतरी एका हायस्कूलला लागले. त्या सुमाराला एकदा मी तिला स्टँडवर बघितलं. उन्हाळा होता. स्टँडवर डिझेलचा आणि चिरलेल्या कलिंगडाचा वास. ती हुपरीच्या फलाटावर उभी होती, खांद्यावर झोपलेलं मूल, काखेत कापडी पिशवी. तिचे ओठ हलत होते. मी कलिंगडाच्या गाड्याच्या मागे थांबले. गाडेवाला म्हणाला, "ताई, फोड देऊ?" मी घेतली. हुपरीची गाडी हलल्यावर ती खाल्ली. त्या दिवशी मला आणखी तीन कामं होती, ती सगळी झाली.

शाळेत मुलं फेब्रुवारीत माझ्यामागे लागतात. "मॅडम, आयएमपी सांगा की." मी म्हणते, सगळं करा. "मॅडम लई कडक हायत," ती एकमेकांत म्हणतात. मला ऐकू जातं.

हुपरीत उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गल्ल्या ओळखू आल्या नाहीत. ठकठक कमी झाली होती, साखळ्या आता यंत्रावर होतात, घराघरांतून मोटरीची घरघर येत होती. रिठ्याचा वास मात्र होता. एका दुकानात मी मापाचा दोरा दाखवला.

"माप देऊन हातानं करून पायजे व्हय?" दुकानदार म्हणाला. "मग गिरिजाक्कांकडं जावा. त्येंच्याशिवाय आता कोण करतंय? त्यो हिरवा दरवाजा."

मी त्याला दुसरं कुणी आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, न्हाय.

दार उघडंच होतं. ती खिडकीखाली बसली होती, पाठीला उशी, डोळ्यांवर चष्मा, समोर पाटावर कड्यांचा ढीग. तिने मान वर केली. चष्मा काढला. परत घातला.

"अगं यादीबाई!" ती ओरडली. "काय वाट चुकलीस, का कुणी हाकललं घरातनं?"

"भाचीचं लग्न आहे," मी म्हटलं. "पैंजण करायचेत."

"बस. ऊट आतेन? थांब, चहा टाकतो. व्हय का न्हाय ते मी विचारलंच न्हाय." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. आत गेली, स्टोव्हचा आवाज आला, तिथूनच बोलत राहिली. आप्पा गेले, चार वर्षं झाली. अव्वा आहे, तिला आता ऐकू येत नाही, "त्यामुळं लई सुखात हाय." नवरा माल घेऊन बेळगावला गेलाय. मुलगा पुण्यात. तू काय करतीस? मी सांगितलं, इंग्रजी शिकवते.

"शिकवणारच की," आतून आवाज आला.

चहा आला. तिने दोरा घेतला, पाटावर ताणला, खुणा केल्या. मग काम सुरू केलं. कडी उचलली, उघडली, अडकवली, मिटवली. ओठ हलत होते. मी ओळखलं. चौथी कविता. इंग्रजी उच्चार झिजून गोल झाले होते, पण ओळी सगळ्या होत्या, क्रमाने.

"अजून म्हणतेस?"

"सवय लागली बघ. पाचच येत्यात. यादीत तेवढ्याच हुत्या." ती हसली. "ती माहेरच्या भिंतीला हुती की लई दिस. रंग दिला तवा निघाली."

मी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला होता, तो मी परत कपात ओतला. मग म्हटलं, "गिरिजा, त्या दिवशी मी लिहिली होती ती कविता. परीक्षेत. तुला खोटं सांगितलं."

"ठावं हाय की." तिने हात थांबवला नाही. "पुरवणी मागितलीस तू. माझ्या कानामागंच."

मी बशी कपाखाली सरकवली.

"आणि तुझी मोठी यादी बी बघितलती मी. भूगोलाच्या वहीत. तू पाणी प्यायला गेलतीस. घड्याळजी शेवटाला हुता आणि म्होरं लिवलंतंस, तरीपण."

"कधी बघितलीस?"

"तू मला माझी दिलीस, त्याच्या आदल्या दिवशी."

मोटरीची घरघर शेजारून येत होती. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? मला का विचारलं नाहीस?"

"विचारलं की. 'एवढंच?' म्हटलं. तू म्हटलीस एवढंच." तिने कडी उजेडात धरून बघितली, वाकडी होती, बाजूला टाकली. "म्हटलं, हिला माझा वकूब ठावं असंल. हुशार पोरगी हाय. हिनं माझं मोजलं असंल."

खरं म्हणजे मी तिची फक्त एसटी मोजली होती. हे मी तिला सांगितलं नाही. आता सांगून ते यादीतल्या कुठल्या नोंदीपुढे बसलं असतं, मला माहीत नाही.

तिने आणखी एक कडी अडकवली. मग म्हणाली, "पर काय हुतं गं त्यात? त्या म्हाताऱ्याचं काय झालं? मी कुणाला विचारलंच न्हाय कवा. लाज वाटायची. पोरगा बारावीला हुता तवा बघाय गेलो, तर पुस्तकच बदललेलं."

दरवर्षी मी वर्गात शंभर मुलांपुढे उभी राहते. इंग्रजी, मग शुद्ध मराठी, मग फळ्यावर मुद्दे. तिच्यापुढे मला त्यातलं काही जमेना. मी माने सरांसारखी सांगायला लागले.

"एक म्हातारं हाय," मी म्हटलं. "गावात उंच मनोरा, वर घड्याळ. म्हातारं रोज सांजचं त्या पायऱ्या चढतंय. गुडघ्यावर हात ठेवून. किल्ली देतंय, उतरतंय. कोण बघतंय का? न्हाय. गावाला वाटतंय, घड्याळ आपलं आपण चालतंय."

"हं," ती म्हणाली. तिची बोटं चालू होती. एका वाक्याला एक कडी.

"एक दिवस म्हातारं मरतंय. कुणाला पत्ता न्हाय. दुसऱ्या दिवशी सगळी बाजारात हायत, आणि एक पोरगी म्हणती, अगं बाई, किती वाजलं? तवा सगळं गाव वर बघतंय. घड्याळ थांबलेलं. मग त्यांना त्या पायऱ्यांचा आवाज आठवतोय. रोज ऐकू यायचा. आज न्हाय."

"मग?"

"मग संपली."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कडी मिटवली. साखळी हातभर झाली होती. ती तिने खिडकीच्या उजेडात धरली, दोन्ही टोकं चिमटीत, आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"एवढं तर जमलं असतं की गं मला," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. मीठ कमी पडलंय, असं सांगतात तसं ती म्हणाली, आणि साखळी पाटावर ठेवून पुढची कडी उचलली. पैंजण आठ दिवसांनी मिळतील, घुंगरू किती लावायचे ते आत्ताच सांग, असं म्हणाली. मी वही उघडली. तेविसाव्या नोंदीपुढे अजून खूण करता येत नव्हती. मी नुसतं पेन उघडून बसले. ती कड्या जोडत होती आणि तिचे ओठ हलत होते, इंग्रजीत नाही. म्हातारं रोज चढतंय. किल्ली देतंय. उतरतंय. कोण बघतंय का? न्हाय.